सोळाव्या हिश्श्याची जहागीर

हैदराबादेतील दिलसुखनगर या वस्तीत कोणतीही विद्या निर्हेतुकपणे शिकली जाऊ शकते, या कल्पनेला तेथील भिंतींवर तसूभरही जागा उरलेली नाही. मलकपेटेकडून एल. बी. नगरच्या दिशेने जाणाऱ्या हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना, मेट्रोच्या पुलाच्या छायेत, इमारतींच्या दर्शनी भागांवर जे फलक एकमेकांना कोपराने ढकलीत उभे आहेत, त्यांवर संगणकाच्या भाषांपासून बँकेतल्या कारकुनीपर्यंत आणि फौजदाराच्या भरतीपासून थेट अमेरिकेच्या व्हिसापर्यंत, मनुष्यास ऐहिक उत्कर्षाप्रत नेणाऱ्या यच्चयावत मार्गांची नोंद असून, प्रत्येक मार्गाची मुदत महिन्यांत आणि दर रुपयांत नमूद केलेला आहे. फलकाच्या खालच्या पट्टीत गतवर्षीच्या यशस्वी उमेदवारांची पासपोर्ट आकाराची छायाचित्रे ओळीने लावलेली असतात व प्रत्येकाच्या गळ्याशी त्याचा क्रमांक असतो. पोलीस खात्याच्या दप्तरातही छायाचित्राखाली क्रमांक घालण्याचा असाच शिरस्ता आहे. परंतु तो निराळ्या गुणवत्तेबद्दल.

अशा मुलखात, साठी उलटलेला एक निवृत्त हिशेबतपासनीस रोज तिसऱ्या प्रहरी दुसऱ्या मजल्यावरच्या सज्जात गुडघ्यावर फळी घेऊन, तळहाताहून थोड्या मोठ्या कागदावर समोरच्या गच्चीतील पाण्याच्या टाकीचे चित्र रंगवीत बसतो, ही गोष्ट फार काळ दुर्लक्षित राहणे शक्यच नव्हते. तो हिशेबतपासनीस मीच असल्यामुळे पुढील चौकशीचा तपशील मला प्रत्यक्ष ठाऊक आहे. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर स्पर्धा परीक्षांचा वर्ग चालविणारे एक गृहस्थ आहेत. ते स्वभावाने अत्यंत सालस असून, ईश्वराने ही सृष्टी अभ्यासक्रमाच्या रूपानेच निर्माण केली, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा आहे. ते पाण्याच्या मोटारीविषयी तक्रार घेऊन वर आले आणि तक्रार विसरून माझ्या फळीकडे पाहत उभे राहिले.

“सार, ये कौनसे एग्झाम में आता?”

कोणत्याच परीक्षेत नाही, असे मी सांगितले.

“फिर सर्टिफिकेट?”

तेही नाही.

“सेल करते?”

मी नकारार्थी मान हलविली. तेव्हा त्यांच्या मुद्रेवर हळूहळू करुणेची छटा पसरली, ते किंचित पुढे वाकले आणि आतल्या खोलीपर्यंत शब्द पोहोचू नये अशा बेताने त्यांनी विचारले, “डॉक्टर बोले क्या, सार?”

मी होय म्हणालो. त्या एका होकाराने माझ्या छंदाला या वस्तीत जी प्रतिष्ठा प्राप्त झाली, ती माझ्या चित्रांच्या बळावर सात जन्मांत झाली नसती. आता जिन्यात भेटणारी माणसे चित्र कोठवर आले असे न विचारता रक्तदाब किती आला असे विचारतात, आणि तो उतरला असे सांगितल्यावर कलेविषयी समाधान व्यक्त करतात.

आपण मराठी माणसांनी यावरून तेलुगू शेजाऱ्यांस हसण्याचे मात्र कारण नाही. त्यांनी चित्रकला परीक्षेबाहेर ठेवली म्हणून त्यांना ती निरर्थक वाटते. आपण तर चित्रकलेचीच परीक्षा करून ठेवली आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हे दोन उंबरठे न ओलांडलेला किंवा ओलांडताना न अडखळलेला मनुष्य ज्याच्या घरात नाही असे मराठी कुटुंब विरळा. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती असे या शास्त्राचे चार वेद. त्यांपैकी स्मरणचित्रात बसथांब्याचा देखावा काढण्याची आज्ञा झाल्यामुळे, छत्री घेतलेला एक गृहस्थ, पाठमोरी एक स्त्री आणि तिचे बोट धरलेले एक मूल, असे तिघेजण कित्येक पिढ्या त्याच थांब्यावर तिष्ठत उभे आहेत व अद्याप त्यांची बस आलेली नाही. नांदेडास आमच्या शाळेतही हेच झाले. चौदाव्या-पंधराव्या वर्षी हाती ‘ब’ श्रेणीचा कागद पडतो, रंगांची पेटी धाकट्या भावंडाकडे वर्ग होते, आणि पुढील चाळीस वर्षे तो मनुष्य “मी पूर्वी चित्रे काढीत असे” हे वाक्य, एखाद्या बुडालेल्या पेढीच्या समभागांविषयी बोलावे तशा स्वरात उच्चारीत राहतो.

निवृत्तीनंतर मी हा विषय पुन्हा दप्तरी घेतला, तेव्हा पहिला प्रश्न आकाराचा उपस्थित झाला. आणि प्रस्तुत लेखाचे प्रयोजन असे काही असेल तर ते एवढेच, की चित्रकलेतील खरा मोठेपणा आकार लहान ठेवण्यात आहे, हे मला निःसंदिग्धपणे नोंदवावयाचे आहे. जलरंगाचा जाड कागद कोठी-आबिड्सच्या बाजूस पूर्ण तावाच्या हिशेबाने मिळतो. हा ताव बावीस इंच रुंद आणि तीस इंच लांब असतो. तो उभा दोनदा व आडवा दोनदा दुमडून नीट कापला म्हणजे साडेपाच बाय साडेसात इंचांचे बरोबर सोळा तुकडे होतात व एक चिंधीही वाया जात नाही. बत्तीस वर्षे सरकारी जमाखर्च तपासण्यात घालविलेल्या मनुष्याला यापेक्षा निर्मळ आनंद कोणत्या रंगसंगतीने द्यावा? माझे आजोबा निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते, आणि आपल्या घराण्याला कधीतरी एखादी लहानशी जहागीर मिळेल अशी आशा त्यांनी अखेरपर्यंत बाळगली होती; परंतु 1949 साली हैदराबाद संस्थानातील जहागिऱ्याच बरखास्त झाल्या आणि तो अर्ज कायमचा निकाली निघाला. आता मी दर खेपेस सोळा जहागिऱ्या घरी आणतो. त्यांची पैमाइश मीच करतो, हद्द पेन्सिलीने मीच आखतो, सारा कोणी मागत नाही, आणि एखादी नापीक निघाली तर नुकसान एक रुपयात एक आणा.

मोठ्या कागदापुढे मनुष्याचे धैर्य खचते, हे काही माझे एकट्याचे मत नव्हे. विन्स्टन चर्चिल यांनी 1915 साली, डार्डानेल्सच्या मोहिमेचे अपयश पदरी येऊन नौदलाचे मंत्रिपद गमावल्यावर, चाळिशीत प्रथम कुंचला उचलला. आणि ज्याने आरमारे हलविली होती तो पुरुष पांढऱ्या कॅनव्हासपुढे इतका गर्भगळीत झाला, की निळ्या रंगाचा मुगाएवढा ठिपका लावून तो स्तब्ध उभा राहिला. एवढ्यात शेजारी राहणाऱ्या चित्रकार लॅव्हरी यांच्या पत्नी मोटारीतून उतरल्या, त्यांनी सर्वांत मोठा कुंचला हाती घेऊन त्या कॅनव्हासावर निळ्या रंगाचे सपासप फटकारे ओढले, आणि मगच साम्राज्याच्या या आधारस्तंभाला कंठ फुटला. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आपल्या छंदावरील निबंधात लिहून ठेवला आहे. पुढे 1947 साली डेव्हिड विंटर असे खोटे नाव धारण करून त्यांनी रॉयल अकादमीकडे चित्रे पाठविली व त्यांतील दोन स्वीकारलीही गेली. मला वाटते, कॅनव्हास साडेपाच बाय साडेसातचा असता तर लॅव्हरीबाईंना मोटारीतून उतरण्याचे कारण पडले नसते. एवढ्याशा कागदास भिण्यासाठी चर्चिलांहून पुष्कळ अधिक भित्रा मनुष्य पाहिजे.

पोक्त वयात किंवा राज्यकारभारातून सवड काढून चित्रे काढणाऱ्यांत आपल्याकडेही थोर नावे आहेत. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतःच्या हाताने रामायण चित्रित करून 1916 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आणि 1938 साली आपल्या संस्थानात वस्तुसंग्रहालय उभारले. राजा चित्रकार असला म्हणजे त्याला भिंतींची टंचाई नसते. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात चार भिंतींपैकी एका भिंतीवर कपाट, दुसरीवर दूरदर्शनसंच, तिसरीवर देव आणि चौथीवर सासुरवाडीचे सर्व दिवंगत आप्त असल्यामुळे, तेथे नव्या चित्रासाठी अर्ज करण्यातच अर्थ नाही. रवींद्रनाथांची कथा माझ्या अधिक जिव्हाळ्याची आहे. कवितेच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून पक्षी आणि मुखवटे निघू लागले, आणि साठीनंतर लागलेल्या या नादातून जी चित्रे झाली त्यांचे प्रदर्शन 1930 साली पॅरिसमध्ये भरले. ज्या खाडाखोडीबद्दल आमच्या खात्यात कारकुनाला लेखी कैफियत द्यावी लागे आणि प्रत्येक खोडलेल्या आकड्यापाशी लघुस्वाक्षरी करावी लागे, त्याच खाडाखोडीतून असे काही निघू शकते हे मला नोकरीत असताना ठाऊक असते, तर माझे कित्येक शेरे सौम्य झाले असते.

हैदराबादेत मराठी माणसाने कुंचला हाती धरणे यातही नवल नाही. निजामाच्या काळात रामकृष्ण वामन देऊस्कर हे चित्रकार येथे वास्तव्यास होते, आणि पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातील बालगंधर्वांची चित्रे रंगविणारे गोपाळ देऊस्कर हे त्यांचेच पुतणे, काकांच्या या हैदराबादेतल्या घरी वाढलेले. पण ती मंडळी पुरुषभर उंचीची चित्रे काढणारी. मोठ्या चित्रांचे नशीबही मोठे असते आणि त्यांवरील संकटेही त्याच मापाची असतात. अजिंठ्याची लेणी निजामाच्या राज्यात होती. तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल नावाचे अधिकारी 1844 पासून वर्षानुवर्षे त्या दरीत राबले, त्यांचे भव्य कॅनव्हास विलायतेस रवाना झाले, आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक सर्व जळून गेले. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह त्याच लेण्यांत जाऊन बसले. 1872 पासून तेरा वर्षे त्यांनी पुन्हा नकला केल्या, आणि 1885 साली लंडनमध्ये त्यांतल्याही पुष्कळशा आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. इकडे मूळ चित्रे, जी ओल आणि वटवाघळे यांच्या हवाली होती, ती भिंतीवर जागच्या जागी राहिली. माझी समग्र चित्रसंपदा बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात मावते, व तिला भय आहे ते फक्त कसरीचे आणि दिवाळीपूर्वीच्या साफसफाईचे.

लहान चित्राचा खरा मानमरातब पाहावयाचा असेल तर आमच्याच शहरातील सालारजंग संग्रहालयात जावे. तेथे दर तासाला एका प्रचंड घड्याळातून एक दाढीवाला पुतळा बाहेर येऊन टोले देतो, आणि ते पाहण्यासाठी बाके मांडलेल्या चौकात इतकी गर्दी लोटते की काळाविषयी एवढी आस्था या शहरातील कोणत्याही कचेरीत दिसत नाही. घड्याळातून जे वाचतात ते बुरख्यातल्या रिबेकेच्या संगमरवरी पुतळ्यापुढे अडकतात. या दोन नाक्यांवर सगळी जनता वसूल होऊन गेल्यामुळे दक्षिणी लघुचित्रांच्या दालनात बहुधा पहारेकरी आणि मी असे दोघेच असतो. वीतभर कागदावर दरबार, त्यात सुलतान, सुलतानाच्या अंगरख्यावर वेलबुट्टी आणि वेलबुट्टीतल्या फुलाला पाकळ्या. आणि हे सारे खारीच्या शेपटीच्या केसांनी. माझा शून्य नंबरचा कुंचला त्यांच्या हिशेबाने केरसुणीच म्हणावा लागेल. अशाच लघुचित्रांच्या जोरावर जहांगीर बादशहाने 1616 साली इंग्लंडचा वकील सर टॉमस रो याची चांगलीच तारांबळ उडविली होती. रोने आणलेल्या एका लहान चित्राची नक्कल हिंदुस्थानात कोणी करू शकणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. बादशहाने आपल्या चितारी मंडळींकडून पाच नकला करविल्या आणि मेणबत्तीच्या उजेडात सहा चित्रे एकत्र मांडून, यांतले तुमचे कोणते ते सांगा, असे फर्माविले. वकीलसाहेब बराच वेळ घुटमळले आणि बादशहा लहान मुलाच्या उत्साहाने हसला. माझी चित्रे ओळखण्यात अशी अडचण कोणासही आलेली नाही. सहा चित्रांत ठेवा, साठांत ठेवा, घरातले मोलकरणीपर्यंत कोणीही माझे चित्र पहिल्या नजरेत वेगळे काढून दाखविते.

चित्रासाठी विषय शोधावयास दिलसुखनगरातून बाहेर जाण्याची मला गरज पडत नाही. चारमिनार काढावा अशी सूचना प्रत्येक पाहुणा करतो. परंतु 1591 साली ज्याने ती इमारत बांधली त्याने चारही मनोरे सारखे ठेवण्याचा जो आग्रह धरला, तो हौशी चित्रकारावर अन्यायकारक आहे. तीन मनोरे जमतात. चौथा दर वेळी स्वतंत्र विचाराचा निघतो. त्यापेक्षा मेट्रोचा पूल उपकारक. 2018 च्या सप्टेंबरात आमच्या रस्त्यावरून गाडी धावू लागली तेव्हा लोकांनी प्रवासाच्या वेळाचा हिशेब केला. मला मात्र डोक्यावरून सरळ रेषेत निघून दूर एका बिंदूत मिळणाऱ्या त्या काँक्रीटच्या कडा पाहून, यथार्थदर्शनाचा संपूर्ण पाठ सरकारने विनामूल्य उभारून दिला आहे, असा साक्षात्कार झाला. पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीने हेच तत्त्व सिद्ध करण्यासाठी एका लहानशा फळीवर तेथील बाप्तिस्मागृहाचे चित्र काढून तिला भोक पाडले होते, आणि लोकांना मागून डोळा लावून समोर धरलेल्या आरशात ते चित्र पाहावयास लावले होते. आमच्याकडे भोक पाडावे लागत नाही. खांबांवर क्रमांक आहेत, आणि सबंध शहर आपला पत्ता त्याच क्रमांकांनी सांगते, त्यामुळे माझ्या चित्रातील खांब बुटका निघाला तरी त्यावर योग्य आकडा घातला की पाहणारा म्हणतो, “अरे, हे तर आपल्या मिठाईवाल्याच्या समोरचं!” प्रतिकृती साधण्याचा इतका निर्धोक उपाय इटलीतील आचार्यांनाही सुचलेला नव्हता.

गणपतीविषयी वेगळे सांगावयास नको. ज्याच्या शरीराच्या प्रमाणबद्धतेविषयी कोणी हरकत घेऊ शकत नाही, असे ते एकमेव दैवत आहे, आणि मराठी हौशी चित्रकारांपैकी निम्म्यांचा योगक्षेम त्याच्यावर चालतो.

कठीण आहे ते वस्तुचित्र, कारण वस्तू जागेवर राहत नाही. कोत्तापेटचा जुना फळबाजार शहराबाहेर बाटासिंगारमला हलविला गेल्यापासून आमच्या घरी फळे मोजून येतात, आणि मोजून आलेल्या फळांपैकी एक चित्रासाठी अडकवून ठेवणे हे गृहखात्याच्या दृष्टीने अफरातफरीत जमा होते. मी आंब्याची बाह्यरेषा पुरी करून सावलीसाठी करडा रंग कालवीत असावे, आणि मान वर करतो तो बशीत कोय. उस्मानिया बिस्किटे तर सावलीपर्यंतही टिकत नाहीत. फ्रान्समधील सेझान हा चित्रकार एकेका फळाच्या चित्रास इतका वेळ घेई की फळे कुजून जात व फुलांसाठी तो कागदी फुले वापरी, हे मी चहाच्या वेळी सांगून पाहिले. परंतु ज्या घरात फळ कुजेपर्यंत कोणी खात नाही, ते घर कसले, एवढाच निष्कर्ष त्यातून काढण्यात आला.

घराबाहेर बसून चित्र काढण्यात निराळे धोके आहेत. सरूरनगरच्या तलावाकाठी एका सकाळी मी वही उघडून बसलो असता, पलीकडच्या घरांच्या ओळीतून लुंगी नेसलेले एक वयस्क गृहस्थ लगबगीने आले, मागोमाग त्यांचा मुलगा खुर्ची घेऊन आला आणि पाठोपाठ चहा आला. शहरातील तलावांच्या हद्दीतली बांधकामे पाडण्याची मोहीम त्या दिवसांत जोरात होती, आणि पाण्याकडे पाहून कागदावर रेघा ओढणारा चष्मेवाला मनुष्य कोणत्या खात्याचा, याविषयी त्यांच्या मनात किंतु उरला नव्हता. “साब, हमारा घर लाइन के बाहर आता ना?” त्यांनी हात जोडून विचारले. मी सरकारी मनुष्य नव्हे, केवळ हौसेखातर चित्र काढतो आहे, हे मी परोपरीने सांगितले. पण हौसेखातर कोणी उन्हात बसेल यावर विश्वास ठेवण्याइतके ते भोळे नव्हते. शेवटी मी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चित्र नीट न्याहाळले, पाण्याच्या निळ्या पट्ट्यावर बोट ठेवले, मग आपल्या घराच्या तांबूस ठिपक्यावर ठेवले, आणि दोहोंमधील अंतर पाहून व्याकुळ स्वरात म्हणाले, “जरा पीछे ले लो ना, साब.” मी घर अर्धा इंच मागे घेतले. चहा उत्तम होता. मला आजवर मिळालेला हा एकमेव कलात्मक मोबदला असून तो लाचेच्या व्याख्येत बसतो किंवा कसे, हे माझ्यातील हिशेबतपासनिसाने अद्याप तहकूब ठेवले आहे.

पाहुण्यांपैकी जे पुण्याहून येतात ते प्रदर्शन भरवा म्हणतात. एका आप्तेष्टांनी आपल्या नव्या सदनिकेसाठी चित्र मागितले. मात्र ते चार फूट लांब असावे, त्यात पाणी असावे, वास्तुशास्त्रानुसार ते पाणी ईशान्येकडे वाहावे, आणि एकूण रंग बैठकीच्या गाद्यांशी जुळणारा असावा. मी त्यांना बैठकच भिंतीवर लावण्याचा सल्ला देणार होतो; पत्नीने वेळीच चहा आणला. चौकट करून देणाऱ्याकडे एकदा एक चित्र घेऊन गेलो, तर त्याने ते उलटसुलट करून, देवाचे की सर्टिफिकेट, असा प्रश्न केला. दोन्ही नाही म्हटल्यावर, एवढ्या मापाची चौकट मयताच्या फोटोलाच लागते, अशी माहिती त्याने अत्यंत आदबीने पुरविली.

येणेप्रमाणे राजाश्रयाची आशा सर्व बाजूंनी खुंटली असता ती ज्या दिशेने उगवली, तिकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. उन्हाळा लागला, समोरच्या बिऱ्हाडातील बाईंनी शिरस्त्याप्रमाणे आवकायच्या, म्हणजे कैरीच्या लोणच्याच्या, बरण्या भरल्या, आमच्याकडे लिंबाचे आणि मिरचीचे लोणचे मुरत पडले, आणि दोन्ही घरांच्या बरण्या एकाच मापाच्या असल्यामुळे दरवर्षी होतो तसा घोटाळा झाला. तेव्हा माझ्या डब्यातून आंब्याचे एक चित्र काढून पत्नीने ते खळीने बरणीवर चिकटविले. माप अचूक बसले. मी चकित होऊन पाहत राहिलो. गेली कित्येक वर्षे मी नकळत बरणीच्या मापाचीच चित्रे काढीत आलो होतो. समोरच्या बाईंनी ती बरणी पाहिली आणि “बोम्म बागुंदि, वदिनगारू”, म्हणजे चित्र छान आहे, वहिनी, असे म्हणून आपल्याही बरण्यांसाठी मागणी नोंदविली. साऱ्या आयुष्यात माझ्या चित्रावर कोणी रक्तदाबाचा उल्लेख न करता दिलेला हा पहिला अभिप्राय.

दरबारी चितारी कसे राबत असतील याची कल्पना मला त्यानंतर आली. आंबा मंजूर झाला. लसूण किरकोळ दुरुस्तीसह मंजूर झाला. पेच पडला तो गोंगुऱ्याचा, म्हणजे आपल्या अंबाडीचा. तिचे पान मी झाडावरून प्रत्यक्ष पाहून, पाचही बोटांसारखे फाटे आणि त्यांच्या दंतुर कडांसह इतके हुबेहूब उतरविले की ते चित्र पाहून बाई प्रसन्न झाल्या; परंतु संध्याकाळी त्यांचे यजमान बरणी हातात घेऊन चिंताक्रांत मुद्रेने आमच्या दारात उभे राहिले. ती बरणी त्यांच्या अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाकडे जावयाची होती. अंबाडीचे पान आणि गांजाचे पान यांत निसर्गाने जे साम्य ठेवले आहे, त्याची दखल वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या लॅटिन नावातही घेतलेली आहे. ती दखल तेथील विमानतळावरील अधिकारी कशी घेतील, एवढाच त्यांचा प्रश्न होता. “सार, बोम्म बागुंदि,” ते अजिजीने म्हणाले, “लेकिन थोडा कम अच्छा निकालो.”

चित्र मागे घेण्यात आले व त्या जागी तेलुगूत नाव लिहिलेली साधी चिठ्ठी लागली. या प्रकरणाचा निकाल ऐकून पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने माझ्या फळीवर एक लिंबू ठेवले.

“गोंगुऱ्याचं जाऊ द्या. आपल्या लिंबाच्या बरणीचं काढा आधी. आणि अहो, या खेपेला ते लिंबू दिसू द्या. मागच्या वेळी सगळे पेरूचं लोणचं कसं घालतात म्हणून विचारीत होते.”

मी पिवळ्या रंगाची वडी भिजवावयास घेतली.

“आणि ते पाचाच्या आत परत पाहिजे,” ती आतून म्हणाली. “खालचे क्लासवाले यायचेत मोटारीचं बोलायला. सरबताला घरात एवढं एकच आहे.”